मुक्याचं मत

अ‍ॅम्ब्रोज पिगमनच्या नरड्यात देवानं दोन माणसांचा आवाज कोंबला होता. खालच्या अंगाला ओढ्याकाठी तो शिंकला, तर वरच्या अंगाची कुत्री भुंकायची. स्टोन फोर्कच्या दरीत हे थट्टेनं सांगत, पण खोटं नव्हतं. बावीस वर्षं मतदानाची वही त्याच्याकडे होती ती काही अक्षरासाठी नव्हे. अक्षर म्हणाल तर कोंबडीनं उकरल्यासारखं. वही होती ती आवाजासाठी.

कारण तेव्हा केंटकीत मत तोंडानं द्यायचं. टेबलापुढं उभं राहायचं आणि कोणत्या जागेला कोण, ते सगळ्यांदेखत सांगायचं. गव्हर्नरपासून शाळाखात्याच्या साहेबापर्यंत राज्याच्या सात जागा. त्या ऑगस्टात आठवी आली, वॉशिंग्टनची खुर्ची, कारण तिथल्या काँग्रेसच्या सभागृहात बसलेला आमच्या भागाचा म्हातारा एप्रिलात मेला होता. मतदारानं आठ नावं घेतली की अ‍ॅम्ब्रोज उठून उभा राहायचा, ती सगळ्या दरीला ऐकू जातील अशी पुकारायचा आणि मग बसून वहीत लिहायचा. पुकारलंच पाहिजे असं कायद्यात कुठं नव्हतं. पण आमच्याकडे कायद्याला विचारतो कोण. लोकांनी ऐकलं तर मत दिलं, नाहीतर बुवा तू आलासच कशाला?

आणि लोकांनी ऐकलं की काय होतं, ते एझ्रा स्टिडमच्या तोंडाकडे बघितलं की कळायचं.

एझ्रा गिरणीवाला. अ‍ॅम्ब्रोजच्या धाकट्या बहिणीचा, ऑर्लीनाचा नवरा. आई ब्रॅशरांची, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानं ब्रॅशरांच्या माणसाचं नाव घेतलं. दरीत घराणी दोनच, गलेट आणि ब्रॅशर. बाकीचे सगळे कुणाचे तरी जावई. नाव तोंडातून पुरतं बाहेर पडलं नाही तोच टोल्बर्ट गलेटनं कुंपणावरून गोळी घातली. ती एका गालातून शिरली, दुसऱ्यातून निघाली, आणि जाताना सहा दात आणि जीभ घेऊन गेली. खटल्यात बारा पंच बसले, त्यांतले नऊ गलेटांचे सोयरे. निकाल लागला की बंदूक आपोआप उडाली. आमच्या दरीत बंदुका फार आपोआप उडतात.

तेव्हापासून एझ्राची जीभ हा ब्रॅशरांचा झेंडा झाला. जिभेसाठी गलेटांचं धान्याचं कोठार जाळलं. जिभेसाठी पुलावर दोघं मेले, एक गलेट आणि एक ब्रॅशर. एझ्राला कुणी विचारलं नव्हतं. तो आपला जबड्याला निळा रुमाल बांधून मका दळत बसायचा, दोन्ही घराण्यांचा.

मतदानाला पंधरा दिवस होते तेव्हा ऑर्लीना भावाकडे आली. दुपारची वेळ होती, अ‍ॅम्ब्रोज ओट्यावर घेवड्याच्या शेंगा सोलत बसला होता. ती पायरीवरच उभी राहिली.

"दादा, तो मत द्यायला जातोय."

"कोण, एझ्रा? कशानं देणार?"

"तेच सांगायला आलेय. तू त्याला थांबव. नाही म्हण. वहीत नाव नाही म्हण. काहीही म्हण."

"वहीत नाव आहे की त्याचं."

"मग खोड."

"खोडू कसा? वेड लागलंय का तुला?"

ती मटकन पायरीवर बसली. रात्रंदिवस समजावलं म्हणाली. पाय धरले. तर पाटीवर लिहून दाखवतो, जीभ गेली, मत नाही गेलं. या माणसाला आता काय करावं.

अ‍ॅम्ब्रोज आत गेला आणि कायद्याचं जाड पुस्तक घेऊन आला. बावीस वर्षांत ते त्यानं उशाला घेतलं होतं तेवढंच. पण आता पानं चाळून चाळून त्याला हवी ती ओळ सापडली आणि गडी एकदम फुलला.

"हे बघ. सर्व मते तोंडी द्यावीत, मात्र मुक्या मतदारास चिठ्ठीने मत देता येईल. चिठ्ठी, ऑर्ली. घडी घातलेली. मी उघडणार, डोळ्यांनी वाचणार, वहीत उतरवणार, संपलं. साऱ्या केंटकीत कुणाला न कळणारं मत एकाच माणसाचं, आणि तो आपला एझ्रा."

"पण वही तर पंच बघतात."

"बघतात, रात्री बेरीज करताना. तोवर तू त्याला घेऊन डोंगरापलीकडं जा. मावशीकडं जा महिनाभर. तोवर लोक दुसऱ्या कुणाला तरी मारतील आणि याला विसरतील." मग त्याला भलतीच शंका आली. "पण त्याला लिहायला कुठं येतं? अंगठा उठवायचा ना तो?"

"येतं आता. दोन हिवाळे शिकला."

"कुणी शिकवलं?"

"कुणी का शिकवेना."

"आणि लपवायचं तरी काय एवढं? तो ब्रॅशरांना मत देणार हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"शेंबड्या पोराला माहीत असू दे," ऑर्लीना म्हणाली. "तू मात्र तोंड बंद ठेव. दादा, तुझं तोंड म्हणजे फुटकी घागर. लहानपणी आईनं लपवलेली साखरसुद्धा तू शेजारणीला सांगितली होतीस. शपथ घे."

त्यानं बायबलवर हात ठेवला. एझ्राचं मत माझ्या तोंडातून बाहेर पडणार नाही. ती रडली आणि मग निघताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, जणू तीच थोरली.

अ‍ॅम्ब्रोज मनानं वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. बहिणीवर जीव होता त्याचा.

मतदान सोमवारी, दुकानापुढच्या मोठ्या सिकमोर झाडाखाली. टेबल मांडलेलं, मधे अ‍ॅम्ब्रोज वही घेऊन, दोन्ही बाजूंना एकेक पंच. गलेटांकडून म्हातारा लिअँडर, दाढी पोटापर्यंत. ब्रॅशरांकडून फिल्मोर, एझ्राचा सख्खा मामेभाऊ. पुलावर मेला तो याचाच धाकटा भाऊ. वरच्या कुंपणाशी गलेट, ओढ्याच्या बाजूला ब्रॅशर, दोन्हीकडे रायफली झाडांना टेकवून ठेवलेल्या, आणि मक्याच्या दारूचे बुधले सकाळी सातापासून उघडे. बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. जोंधळ्याच्या काकवीत मळलेले आल्याचे केक मतदानाच्या दिवशी उमेदवाराची माणसं टोपलीच्या टोपली उचलतात आणि मतदारांना वाटतात. केक खाल्ला त्याचं मत द्यायचं अशी रीत. दोघांचाही खाणारे बेरकी असायचे, पण त्यांना पुढं दात राहायचे नाहीत. ऑर्लीनाची टोपली झाडाच्या बुंध्याशी होती आणि तिच्या केकांना सगळ्यात जास्त गिऱ्हाईक होतं, कारण ते खरंच चांगले असायचे.

गव्हर्नर हॉलोवे होवो नाहीतर बकमास्टर, राजधानीत फ्रँकफोर्टला कोण बसतो याचं स्टोन फोर्कला काय सोयरसुतक. पण वॉशिंग्टनची खुर्ची घरातलीच होती. एकीकडे कर्नल जॉब ब्रॅशर, युद्धात एक हात गमावलेला आणि त्याचंच आजवर खात आलेला. दुसरीकडे मार्कस गलेट, शाळामास्तराचा वकील झालेला, चष्मेवाला, मऊ बोलणारा. स्वतःच्याच घराण्यात त्याला कुणी फार मोजत नसे. टोल्बर्टचा तो चुलतभाऊ. पण बंदूक धरायची तर उलटी धरील अशी त्याची ख्याती. त्या दिवशी दोघंही उमेदवार दुसऱ्या गावांना होते. आमच्या वाट्याला त्यांची माणसं.

नऊ वाजता पहिलं रक्त सांडलं. ब्रॅशरांच्या एकानं दोघांचा केक खाल्ला म्हणून गलेटांच्या एकानं त्याच्या कानाचा लचका तोडला, दातानं, आणि थुंकून टाकला. अ‍ॅम्ब्रोज पुकारत होता. साडेअकराला एका गड्याच्या पोटात सुरा गेला. त्याला दुकानाच्या ओट्यावर पिठाच्या पोत्यांना टेकवून बसवला. तो तिथून ओरडायला लागला, माझं मत राहिलंय, माझं मत घ्या. टेबल उचलून त्याच्यापाशी नेलं. त्यानं आठही नावं घेतली, अ‍ॅम्ब्रोजनं पुकारली, आणि तिसरा प्रहर व्हायच्या आत तो गेला. त्याचं मत वहीत आहे.

दुपारी टोल्बर्टनं म्हाताऱ्या नेपियरच्या तोंडावर पिस्तुलाचा दस्ता मारला. म्हाताऱ्यानं ब्रॅशरचं नाव घेतलं होतं. दस्ता बसला, नाक फुटलं, म्हातारा खाली पडला, उठला आणि रक्ताच्या गुळण्या टाकत तेच नाव परत घेतलं. दस्ता परत बसला. तिसऱ्या वेळी त्याला उठवेना, तेव्हा त्यानं जमिनीवरूनच सांगितलं. "मी ऐकलंय, आजोबा," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला आणि उभा राहून पुकारलं. त्याचं अंग कापत होतं, आवाज नाही. आवाज त्याचा कधीच कापत नसे. त्याला त्याचा मोठा अभिमान होता.

असं करत करत सहा वाजले. एकशे ब्याऐंशी मतं झाली. वॉशिंग्टनच्या खुर्चीला कर्नल ब्रॅशर एक्याण्णव, मार्कस गलेट एक्याण्णव. पुकारलेलं सगळे मोजत होते, शेंगदाण्यांनी, काड्यांनी, बोटांनी. आणि यादीत एकच नाव राहिलं होतं.

गर्दी आपसूक बाजूला झाली आणि एझ्रा आला. जबड्याला निळा रुमाल, गळ्यात दोरीनं अडकवलेली पाटी, धुतलेला सदरा. ऑर्लीना टोपली सोडून उभी राहिली.

"काय रे एझ्रा," टोल्बर्ट कुंपणावरून म्हणाला, "जीभ घरी विसरून आलास काय?"

गलेट हसले. फिल्मोरचा हात कमरेला गेला. एझ्रानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. तो टेबलापाशी आला आणि खिशातून चार घड्यांची चिठ्ठी काढून पुढं ठेवली.

"हे काय," लिअँडर म्हणाला. "मत तोंडानं द्यायचं. तोंड उघड."

"त्याच्या तोंडाचं तुमच्याच पुतण्यानं काय केलंय ते बघायचंय का, काका?" फिल्मोर म्हणाला.

अ‍ॅम्ब्रोजनं कायद्याचं पुस्तक टेबलावर आपटलं. खूण घालूनच आणलं होतं. त्यानं ती ओळ वाचली, बोट ठेवून दाखवली, आणि म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळत तीनदा वाचून घेतली. कायद्यापुढं कधी नव्हे ते दोन्ही बाजू गप्प बसल्या. अ‍ॅम्ब्रोजची छाती फुगली. बहिणीकडे बघून त्यानं हळूच मान हलवली, बघ, झालं की नाही.

"घ्या मग चिठ्ठी," फिल्मोर दात काढत म्हणाला. "मोजायची तरी कशाला. ब्याण्णव झाले आमचे."

अ‍ॅम्ब्रोजनं घडी उलगडली. डोळ्यांनी वाचायचं. वहीत उतरवायचं. पंधरा दिवस तो हेच घोकत होता, गाईची धार काढतानासुद्धा. पण सकाळपासून त्यानं एकशे ब्याऐंशी मतं पुकारली होती, आणि त्याआधी बावीस वर्षं. गिरणीचं पाणी बंद केलं तरी चाक काही लगेच थांबत नाही. हातात नावं आली आणि तो सवयीनं उठून उभा राहिला. उभा राहिला की त्याचं तोंड उघडायचं. त्याला त्यात काही करावं लागत नसे.

"एझ्रा स्टिडम, गिरणीवाला. गव्हर्नर, हॉलोवे."

ब्रॅशरांच्या बाजूनं आरोळी उठली. हॉलोवे त्यांचा.

"उपगव्हर्नर, पीक."

परत आरोळी. टोप्या उडाल्या. खजिनदार, ऑडिटर, सरकारी वकील, जमिनीच्या दप्तराचा साहेब, एकेक नाव ब्रॅशरांचं आणि एकेका नावाला आरोळी. सहाव्या नावाला अ‍ॅम्ब्रोजला ऑर्लीना दिसली. ती दोन्ही हात हलवत होती आणि तिच्या पायाशी टोपली कलंडून केक मातीत पडले होते. त्याला वाटलं, बाईला ऊन लागलं. दिवसभर उन्हात बसलेली.

"शाळाखातं, रस्क. वॉशिंग्टनची खुर्ची, मार्कस गलेट."

आपलं तोंड काय बोललं ते अ‍ॅम्ब्रोजला इतरांबरोबरच ऐकू आलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं खोड एकाची होती आणि मेला दुसरा.

आरोळी देण्यासाठी उघडलेली तोंडं तशीच राहिली. 

"परत वाच," फिल्मोर म्हणाला.

अ‍ॅम्ब्रोज खाली बसला. दोन्ही हातांनी त्यानं आपलं तोंड दाबून धरलं होतं. फिल्मोरनं चिठ्ठी ओढून घेतली. मोठी मोठी, शाळेतल्यासारखी अक्षरं, प्रत्येक अक्षर जपून काढलेलं.

"हे तू लिहिलंस?"

एझ्रानं मान डोलावली.

"कुणी धमकावलं तुला? टोल्बर्टनं? सांग नुसतं. मान हलव."

एझ्रानं मान हलवली नाही.

"माझा भाऊ मेला," फिल्मोर म्हणाला. तो ओरडत नव्हता, त्याचं तोंड वेडंवाकडं होत होतं, रडायला आल्यासारखं. "तुझ्या जिभेसाठी मेला. एकोणीस वर्षांचा होता. तुझी जीभ, तुझी जीभ करत पुलावर गेला तो."

एझ्रानं खडू घेतला. सगळी दरी थांबून बघत होती. त्यानं पाटीवर लिहिलं आणि पाटी फिल्मोरच्या तोंडापुढं धरली. मी सांगितलं नव्हतं.

फिल्मोरनं टेबलापलीकडून त्याच्या छातीत दोन गोळ्या घातल्या.

मग जे झालं त्याला लढाई म्हणायची तर म्हणा. "आमचा मतदार मारला," असं ओरडून पहिली रायफल उडवली ती टोल्बर्ट गलेटनं, ज्यानं त्या मतदाराची जीभ नेली होती त्यानंच. मला आजही हसू येतं आणि हसलो की स्वतःची लाज वाटते. त्याची गोळी फिल्मोरच्या खांद्यात बसली. ब्रॅशरांची पहिली फैर आली ती थेट टेबलावर; म्हातारा लिअँडर दाढीला हात लावून, हे काय, असं म्हणाला आणि वहीवर पडला. दावणीची खेचरं सुटली आणि पडलेल्यांना तुडवत पळाली. दुकानाची काच, बुधले, दिवे, जे फुटण्यासारखं होतं ते फुटलं. टोल्बर्टच्या रायफलीत काडतूस अडकलं. तो कुंपण चढताना सापडला. त्याला चौघांनी धरलं आणि गोळी नाही घातली. दस्त्यांनी मारलं, आळीपाळीनं, लाकूड फोडतात तसं, आणि त्याचं ओरडणं थांबल्यावरही बराच वेळ मारत राहिले.

ऑर्लीना एझ्राच्या अंगावर पालथी पडली होती. तिच्या केसांतून एक गोळी गेली, तिला ते दुसऱ्या दिवशी कळलं. आणि अ‍ॅम्ब्रोज? तो टेबलाखाली होता, वही पोटाशी धरून. बहीण दहा हातांवर उघड्यावर पडलेली, आणि हा वही वाचवत होता. तेवढी दहा मिनिटं त्याला पुढं जन्मभर पुरली.

सहा माणसं पडली. गलेट हटले ते डोंगरात शिरले, ब्रॅशर आपल्या जखमींना ओढ्यावर नेऊन पाणी पाजायला लागले. धूर खाली बसला. सूर्य अजून कड्यावर होता. सातला मतदान बंद व्हायचं, त्याला थोडा वेळ होता.

अ‍ॅम्ब्रोज बाहेर आला. टेबल सरळ केलं. लिअँडरला कुशीवर वळवून त्याच्या तोंडावर टोपी ठेवली. वही मांडली. दौत सांडली होती, तळाशी थोडी शाई होती. तेवढ्यात फिल्मोर आला, डावा हात लोंबतोय, उजव्यात पिस्तूल.

"ते मत लिहायचं नाही."

अ‍ॅम्ब्रोजनं टाक उचलला.

"मेलेल्याचं मत नसतं, अ‍ॅम्ब्रोजकाका."

"दिलं तेव्हा जिवंत होता."

"मी सांगतोय लिहायचं नाही." त्यानं पिस्तुलाचा घोडा ओढला आणि नळी अ‍ॅम्ब्रोजच्या कानशिलाला टेकवली. ती अजून गरम होती. अ‍ॅम्ब्रोजनं टाक दौतीत बुडवला. 

"मार त्याला," ऑर्लीना म्हणाली.

ती उठून आली होती. पुढून सगळा झगा रक्तानं काळा झालेला. तिच्या हातात पाटी होती, मधोमध तडकलेली.

"मार की. मग मी बसते लिहायला. मलाही येतं. तुला माहीत आहे आम्हाला कुणी शिकवलं? मार्कस मास्तरनं. दोन हिवाळे, दर रविवारी, गिरणीच्या मागच्या पाटाच्या बाजूनं यायचा, कॉलर वर करून. तुमच्या माणसांनी बघितलं असतं तर मारला असता, त्याच्या माणसांनी बघितलं असतं तरी मारला असता. पहिल्या दिवशी आला तेव्हा दारात उभं राहून म्हणाला, माझ्या भावानं केलं ते मला भरून देता येणार नाही, पण अक्षरं देता येतील." तिनं पाटी छातीशी धरली. "तू किती वेळा आलास रे फिल्मोर? तीनदा. तिन्ही वेळा चार माणसं घेऊन आलास, त्याला तोंड उघडायला लावलंस, त्यांना दाखवलंस आणि गेलास. त्याला काय पाहिजे ते एकदा तरी विचारलंस?"

 फिल्मोरनं घोडा अंगठ्यानं हळूच खाली सोडला, आणि तिथंच झाडाच्या मुळावर बसला. त्याच्या खांद्यातून रक्त गळत होतं, पण तो बघत होता एझ्राकडे.

अ‍ॅम्ब्रोजनं लिहिलं. एझ्रा स्टिडम, गिरणीवाला. आठ नावं. कधी नव्हे ते त्यानं अक्षर जपून काढलं.

सात वाजले. आता शेवटचं काम राहिलं, बेरीज पुकारायची. ती पुकारल्याशिवाय मतदान बंद होत नाही. अ‍ॅम्ब्रोज उभा राहिला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडातून आवाज फुटेना. त्यानं टेबलावरची पाटी घेतली, खडू शोधला आणि तडकलेल्या पाटीवर आकडे लिहायला लागला.

ऑर्लीनानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"ही त्याची आहे," ती म्हणाली. "तुझी जीभ शाबूत आहे ना? नको होती तेव्हा चालली. आता चालव."

"ऑर्ली, माझ्यानं—"

"माझ्या नवऱ्याचं मत आहे त्यात. सगळ्या दरीला ऐकू गेलं पाहिजे."

त्यानं डोळे मिटले आणि पुकारलं. गव्हर्नर, उपगव्हर्नर, एकेक जागा, एकेक आकडा. ओढ्यावरची माणसं हातातलं पाणी तसंच धरून वर बघायला लागली. "वॉशिंग्टनची खुर्ची. ब्रॅशर, एक्याण्णव. गलेट, ब्याण्णव." वरच्या अंगाला कुत्री भुंकायला लागली.

"ऐकलं त्यांनी," ऑर्लीना म्हणाली. "आता यापुढं माझ्याशी बोलू नकोस."

तोंडाला आलं म्हणून ती बोलली, असं आम्हाला वाटलं. दुःखात माणूस काहीही बोलतो. पण ती अकरा वर्षं जगली आणि तिनं एकदाही त्याचा आवाज ऐकून घेतला नाही. तो दर रविवारी गिरणीवर जायचा, मागच्या पाटाच्या बाजूनं. काही सांगायचं असलं तर चिठ्ठीवर लिहून तिच्या दाराशी ठेवायचा आणि बाजूला होऊन उभा राहायचा. ती बाहेर यायची, घडी उलगडायची आणि मनातल्या मनात वाचायची.